परदेशी म्हशीचं माहेर

संपादकांचं पत्र आलं, "आपण उमेदीची वर्षं परदेशात नोकरी केलीत असं कळतं. अंकासाठी तिकडचे काही अनुभव लिहावेत." त्यांना हे कुणी कळवलं ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या धाकट्या मेव्हण्याला इतक्या वर्षांनीही हीच एक थट्टा सुचते. पण गोष्ट खोटी नाही. मी परदेशात नोकरी केली. तिथे जायला आगबोट लागत नसे, एक ओढा ओलांडावा लागे. उन्हाळ्यात तर तोही कोरडा असे.

त्या वेळी आमच्या भागाचा नकाशा म्हणजे गोधडी होती. निपाणी इंग्रजांच्या थेट अंमलातली, म्हणजे खालसा मुलखातली. तिथून ओढ्यापर्यंत चालत गेलं की कुरणवाडी, आणि ती एका छोट्या संस्थानाची. संस्थानाचं नाव लिहीत नाही. महाराजांची नातवंडं-पतवंडं भली माणसं आहेत, उगाच कुणाचं मन दुखवायला नको. पण ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांचा कायदा आणि पलीकडे महाराजांचा, हे खरं. मी मॅट्रिक होऊन तंबाखूच्या वखारीत शिंका देत बसलो होतो, तेव्हा वडिलांनी कुणाकुणाच्या ओळखी काढून मला कुरणवाडीच्या ठाणे कचेरीत कारकून म्हणून चिकटवलं. पहिल्या दिवशी आईने हातावर दही घातलं. वडील गावभर सांगत सुटले, "आमचा गोविंदा परदेशात लागला." माझं लग्न ठरताना संकेश्वरच्या आजेसासूबाईंनी विचारलं होतं, समुद्र ओलांडला त्याचं प्रायश्चित्त घेतलं का म्हणून. वडील म्हणाले, "प्रायश्चित्त कशाला? रोज रात्री जेवायला घरी येतो की!"

तर अशा या परदेशी कचेरीत मला जे सहकारी भेटले, त्यांच्यासाठी हा लेख. त्यांचं नाव पायगोंडा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. जैन शेतकरी घरातले, पन्नाशीच्या पुढचे, बायको वारलेली. डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा काळा कोट, पायांत काही नाही आणि बगलेत बारा महिने छत्री. कोट खांद्यावर उसवलेला असायचा, कारण तिथे बैल खांदा घासत. आप्पा कोंडवाड्याचे कारकून होते.

मी पहिल्या दिवशी कचेरीच्या पायरीवर चढलो तर आप्पा दारातच उभे. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"कुठनं आलासा?"

"निपाणीहून."

"खालशातनं." त्यांनी दाराशेजारच्या रांजणाकडे छत्री केली. "पाय धुवा आन आत या. परमुलखाची धूळ आमच्या राज्यात नगं."

मला वाटलं, नव्या माणसाची गंमत करतायत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी फक्त "पाय" एवढंच म्हटलं. पुढे ते माझ्याशी एकेरीवर आले, घरच्यासारखं बोलू लागले, पण रांजण सुटला नाही. पावसाळ्यात मी ओढ्यातून गुडघाभर पाण्यातून येई, तरी कचेरीच्या दारात पुन्हा पाय धुवावे लागत. एकदा मी म्हटलं, "आप्पा, ओढ्यात धुतलेच की." ते म्हणाले, "अर्धा ओढा त्यांचा हाय."

कोंडवाडा म्हणजे काय हे आजच्या शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. कुणाचं जनावर मोकाट सुटून दुसऱ्याच्या पिकात शिरलं की रखवालदार ते हाकत आणून सरकारी आवारात कोंडत. मालकाने यायचं, दंड भरायचा, चिठ्ठी घ्यायची आणि जनावर न्यायचं. कुणी आलंच नाही तर दवंडी देऊन लिलाव. सगळीकडे कोंडवाडा म्हणजे जनावरांचा तुरुंग. शेणाचा चिखल, पाण्याचा पत्ता नाही, आठ दिवसांत जनावराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात.

आप्पांचा कोंडवाडा तसा नव्हता. मुक्या जिवाला कोंडायचं पाप आपल्या पदरात आलंय तर ते जमेल तेवढं हलकं करावं, असा त्यांचा हिशेब. घरच्या शेतातला कडबा ते स्वतः डोक्यावरून आणत. पाणी गाळून पाजत. होय, म्हशीलाही गाळून. जनावराला जनावर म्हणत नसत, 'पावणं' म्हणत. नवं पाहुणं आलं की समोर उभं राहून आधी मराठीत बोलावत, "ये गं बाई, ये." ते ढिम्म राहिलं की कन्नडात, "बा अव्वा, बा." ज्या बोलीला कान हलेल त्या बाजूच्या गावात निरोप जाई. हे नेमकं किती खरं ठरे ते विचारू नका. चिकोडीकडचा म्हणून ठरवलेला एक बैल शेवटी कचेरीच्या मागच्या घरातलाच निघाला. आप्पा म्हणाले, "आजोळ चिकोडीचं असंल."

या पाहुणचाराचा परिणाम व्हायचा तोच झाला. उन्हाळ्यात वैरण संपली की निपाणीचे लोक मुद्दाम गुरं ओढ्यापलीकडे हाकलून देऊ लागले. चारा विकत घेण्यापेक्षा दंड परवडे, आणि वर जनावर धुऊन मिळे. एक जण तर लग्नाला हुबळीला जाताना शेळ्या 'आप्पांकडे ठेवून' गेला. आमचे ठाणेदारसाहेब हैराण. "अहो, या कुरणवाडीत मोकाट गुरांचे गुन्हे एवढे वाढतात कसे?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "खालशात शिस्त न्हाय, साहेब."

एकदा निपाणीला आलेल्या सर्कशीचा हत्ती साखळी तोडून ओढा ओलांडून आला आणि उसात शिरला. सगळा गाव आरडाओरडा करत पळाला. आप्पा छत्री घेऊन सामोरे गेले. कोंडवाड्याचं फाटक हत्तीच्या पोटाला पुरेना, तेव्हा त्यांनी चार दिशांना चार दगड ठेवले, मधल्या माळाला कोंडवाडा जाहीर केलं आणि हत्तीला सांगितलं, "हितनं हलायचं न्हाय." हत्ती मालक येईपर्यंत खरोखरच तिथे उभा राहिला. समोर उसाचा भारा होता म्हणून असेल. पण आप्पांच्या मते, हुकूम हुकमासारखा दिला म्हणून.

त्यांची आणखी एक गोष्ट सगळ्या महालाला, म्हणजे तालुक्याला, माहीत होती. जैन रीतीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत ते जेवत, आणि त्यासाठी उन्हं कलली की उठत. मग साहेब बोलत असोत की दिवाण तपासणीला आलेले असोत. घरी हाताने रांधलेली भाकरी खाऊन, चूळ भरून परत येत आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू करत.

खालशाचा एवढा राग कशाचा, ते मला शिपाई बाबू याने सांगितलं. आप्पांना एकच मुलगी, पद्मा. ती दिली निपाणीच्या तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या घरात. तेही जैन, चांगले खाऊनपिऊन सुखी. पण लग्नात व्याह्यांनी हौसेने बेळगावहून बँड मागवला. बँड यायला उशीर, म्हणून वरात उशिरा, म्हणून पंगत उशिरा. पानं वाढली तेव्हा दिवस बुडालेला. आप्पा वाढलेल्या पानावरून उठले, त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं उठली. व्याही म्हणाले, एक दिवस पुढंमागं झालं तर काय आभाळ कोसळतंय? आप्पा म्हणाले, "ज्या गावात दिवस कवा बुडतो त्ये कळत न्हाय, त्या गावात ह्यो पाय पुना पडायचा न्हाय." आणि उपाशी पोरीला सासरी ठेवून, उपाशीच ओढा ओलांडून आले. ते परत कधी गेले नाहीत. व्याहीही काही कमी नव्हते. म्हणाले, बाप येऊन घेऊन जाईल तेव्हाच सून माहेरी जाईल. पद्माचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. नात चालायला लागली तरी आजोबांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. मुलीचं घर कुरणवाडीच्या टेकावरून दिसायचं म्हणतात. आप्पा त्या टेकावर कधी चढत नसत.

हे कळल्यावर मी रांजणाबद्दल कुरकूर करणं सोडलं. मनात यायचं ते एवढंच, की हा माणूस माझ्या पायाला लागलेल्या धुळीशी भांडतोय, आणि त्या धुळीत त्याच्या लेकीच्या दारातलीही चिमूटभर असेल.

आता म्हशीकडे येतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला शेवंताक्का राहायची. नवरा वखारीत तंबाखू कुटून कुटून खोकल्याने घरी बसलेला. घर चालायचं ते एका म्हशीवर. म्हशीचं नाव चंद्री. दिवस भरत आलेली ही चंद्री एका संध्याकाळी दावं तोडून ओढा ओलांडून आली, आणि अख्खं संस्थान पडलेलं असताना नेमकी ठाणेदारसाहेबांच्या बागेत शिरली. साहेबांना फुलकोबीची हौस होती. बेळगावहून बी आणून त्यांनी एक वाफा केला होता. सकाळी वाफ्यात देठ तेवढे उरले होते. साहेबांनी चंद्रीला कोंडवाड्यात घालायला लावलं आणि दंड पुरा घ्या म्हणून बजावलं.

शेवंताक्का दुसऱ्या दिवशी दंड घेऊन आली तेव्हा चंद्री पहाटेच व्यालेली होती. रेडी झाली होती. काळीभोर, कपाळावर पांढरा चांद. आप्पांचा आनंद काय सांगू! कोंडवाड्यातला पहिला जन्म. ते कचेरीत गूळ वाटत फिरले. साहेबांच्या हातावरही ठेवला.

आणि तिथेच घोटाळा झाला. आत म्हैस एक आलेली, सुटकेची चिठ्ठी म्हैस एकची. मग रेडी कुठल्या आधारावर सोडायची? दुसरा कोणी असता तर त्याने डोळा मिटला असता. आप्पा गेले साहेबांना विचारायला. नियम म्हणजे नियम. "साहेब, पावणीला आपल्या हद्दीत लेकरू झालं. त्ये कुणाचं लावायचं?"

साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. फुलकोबीचा राग होताच, त्यात बाहेर दुभती म्हैस आणि देखणी रेडी. म्हणाले, "संस्थानच्या भूमीवर जन्मली, म्हणजे संस्थानची. रेडी ठेवून घ्या. म्हैस न्यायची तर नेऊ दे तिला."

गुरंढोरं न पाळणाऱ्याला यातली मेख कळणार नाही. रेडकू पुढ्यात नसलं तर म्हैस पान्हा सोडत नाही. नुसती म्हैस नेऊन शेवंताक्काने काय करायचं होतं? दूध नाही म्हणजे घरात चूल नाही. आज ना उद्या ती हात टेकून म्हैसही सोडून जाणार, मग लिलाव, आणि लिलावात साहेबांचा माणूस बोली लावणार. हे साहेबांना कळत होतं, शेवंताक्काला कळत होतं, आणि अर्ध्या घटकेनं आप्पांना कळलं. माणूस जागच्या जागी बसला.

"गोविंदा," मला म्हणाले, "कायदा इचाराय गेलतो, पाप पदरात घिऊन आलो रं."

शेवंताक्का म्हैस न्यायला तयार होईना. रोज पेंडीची बुट्टी घेऊन ओढा ओलांडून यायची, फाटकाशी बसायची, धार काढून थोडं दूध घेऊन जायची. तेवढं आप्पा करू देत. ती रडली-भेकली नाही. आप्पा समोरून गेले की एवढंच म्हणायची, "आप्पा, लेकराला आईपास्नं तोडायचा कायदा कुठल्या राजाचा वो?" आप्पा मान खाली घालून आत येत. रेडीला खाजवताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आहेत.

मी एकदा सुचवलं, "फाटकाची कडी लागत नाही म्हणायचं. जातील दोघी आपोआप."

आप्पा खवळले. "चोरून? ती काय चोर हाय? उघड आलती, उघड जाईल!"

मग एके दिवशी बाबूला त्यांनी गावात पिटाळलं. कोंडवाड्यात बारसं आहे, सगळ्या बायकांनी यावं. साहेबांच्या बाईसाहेबांनाही आमंत्रण. मला वाटलं, आप्पांचं डोकं फिरलं. पण गाव असल्या गोष्टीला तयारच असतं. तिसऱ्या प्रहरी बायका नटूनथटून आल्या. कुणी घुगऱ्या आणल्या, कुणी हळदकुंकू. आप्पांनी कोंडवाडा झाडून सडा घातला होता. चंद्रीची शिंगं तेल लावून चकचकीत केली होती आणि रेडीच्या गळ्यात घुंगरू. बाईसाहेब आल्या. त्या सांगलीकडच्या, हौशी, मनाच्या मोकळ्या. बाईसाहेब आल्या म्हणून काय प्रकार आहे ते पाहायला मागोमाग साहेबही आले. आप्पांना नेमकं तेच हवं होतं.

नाव ठेवून झालं, सोनी. घुगऱ्या वाटून झाल्या. मग आप्पा छत्री टेकून मधोमध उभे राहिले.

"आयाबायांनो, एक इचारतो. ही चंद्री सासुरवाशीण. पोट घिऊन कुठं आली? आपल्या गावात. पोटुशी बाई बाळंतपणाला कुठं जाती?"

"माह्याराला!" बायका एकदम म्हणाल्या.

"मग ह्ये तिचं माह्यार झालं का न्हाय?"

"झालं की!"

"साहेब गावचे धनी. म्हंजे चंद्रीचे कोण?"

"भाऊ!"

"आन सोनीचे?"

"मामा!" आता हसू फुटायला लागलं होतं. साहेब काहीतरी बोलायला गेले, पण घुगऱ्यांचा घास तोंडात होता.

"मामाच्या घरी पोर जल्मली. बारसं झालं. आता मला सांगा, कुठला मामा म्हणतो का, बहिणीला घिऊन जा, भाचीला मी ठिवून घेतो?"

पुढे बसलेल्या एका म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ठिवून घ्यायची असंल तर सायबानं भाचीसंगट लगीन लावावं! आपल्यात चालतंय त्ये!"

त्यानंतर जे हसू उसळलं ते थांबायला बराच वेळ लागला. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या, बाबू खांबाला धरून होता, आणि बाईसाहेब डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. साहेबांचा चेहरा मात्र फुलकोबी गेली त्या दिवशीही एवढा लाल झाला नव्हता. शेवटी बाईसाहेबांनीच त्यांच्याकडे वळून विचारलं, "मग, वन्संच्या ओटीला खण काढू ना?"

वन्सं!  "न्या, न्या. दोघींनाही न्या," साहेब म्हणाले आणि घराकडे निघून गेले. बाईसाहेबांनी चंद्रीच्या शिंगाला हिरवा खण बांधला, पुढ्यात नारळ ठेवला. शेवंताक्काने इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला.

मला वाटलं, झालं. पण बायकांचं झालेलं नव्हतं. म्हातारी म्हणाली, "बाळंतीण एकली कशी जाईल? माह्यारचं माणूस पोचवाय नगं?"

"आप्पा जातील," बाईसाहेब म्हणाल्या. "थोरले तेच आहेत."

आप्पांच्या हातातली छत्री खाली पडली. मी ती उचलून दिली, तर त्यांना ती घ्यायचं भान नव्हतं. "दिवस बुडाय आलाय," ते पुटपुटले, "माजं जेवायचं..." पण दिवस चांगला दोन बांबू वर होता आणि सगळ्या गावाला ते दिसत होतं. स्वतःच लावलेल्या नियमात माणूस कसा अडकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. माहेर त्यांनीच ठरवलं होतं.

निघालो. पुढे शेवंताक्का, मागे खणवाली चंद्री, मग आप्पा आणि सोबतीला मी. ओढ्याला घोट्याच्या वर पाणी होतं. सोनी पाण्याला बिचकली, तेव्हा आप्पांनी तिला उचलून छातीशी धरलं. आणि काठावरच थांबले. शेवंताक्का पार झाली. चंद्रीही पलीकडे पोचली, मागे वळली, आणि लेकरू दिसेना म्हणून हंबरायला लागली. आप्पांच्या हातात रेडी पाय झाडत होती.  मी काही बोललो असतो तर ते परत फिरले असते. चंद्री पुन्हा हंबरली. आप्पा म्हणाले, "आलो गं बाई, आलो," आणि पाण्यात पाय टाकला.

निपाणीच्या पेठेत आमची ही वरात शिरली. तंबाखू कुटायचे दिवस, हवेत खकाणा. आप्पांना शिंकांवर शिंका येऊ लागल्या. "बग, बग परदेशची हवा!" शिंकांच्या मधे मला म्हणत. शेवंताक्काच्या गल्लीकडे जायचा रस्ता पद्माच्या दारावरून होता. दुसरा रस्ता मला माहीत होता. मी सांगितला नाही.

पद्मा दारातच उभी होती. शिंगाला खण बांधलेली म्हैस पेठेतून येतेय ही बातमी आमच्या आधी पोचली होती. पुन्हा पोट दिसू लागलेलं, कडेवर मुलगी. तिने म्हशीकडे पाहिलं, रेडीकडे पाहिलं, मग बापाकडे. आप्पा रस्त्याच्या मधोमध रेडीला छातीशी धरून उभे, कोटाला शेण लागलेलं.

"आप्पा," पद्मा म्हणाली, "म्हशीला बाळंतपण करून पोचवाय आलासा. मला न्यायला कवा येणार वो?"

मी मान वळवली. कडेवरची पोर तेवढी "म्हस, म्हस" म्हणत होती.  आप्पा रेडीला सावरत म्हणाले, "म्हशीला पोचिवतो... आन येतो."

तेवढ्यात आतून व्याही बाहेर आले. जाडजूड गृहस्थ, हातात पितळी फुटपट्टी. व्याह्यांनी आप्पांकडे पाहिलं, आणि मग वर, पश्चिमेकडे पाहिलं. लिंबाच्या शेंड्याला ऊन होतं. ते वळले आणि घर दणाणेल अशा आवाजात ओरडले, "अगं पाट मांडा! पानं वाढा! लौकर, लौकर, दिवस बुडायच्या आत!"

घरात जी धावपळ उडाली तशी मी लग्नघरातही पाहिली नाही. आम्ही शेवंताक्काकडे म्हैस बांधली. आप्पांनी तिला बजावलं, "पाणी गाळून पाज गं." आणि मग तो पन्नाशी उलटलेला माणूस निपाणीच्या पेठेतून अक्षरशः पळाला. सूर्याशी शर्यत लावून. मी मागून त्यांची छत्री घेऊन धावतोय. पोचलो तेव्हा लिंबाच्या शेंड्यावरचं ऊन जायचं होतं. व्याही दारात उभे राहून त्यावर नजर ठेवून होते, जणू ते तिथे त्यांनीच धरून ठेवलं होतं. आप्पा पाटावर बसले. पद्माने वाढलं. नात समोर येऊन बसली आणि आजोबांच्या पानातला भात खाऊ लागली. व्याही म्हणाले, "सावकाश, सावकाश. हाय अजून ऊन." आप्पांनी शेवटचा घास घेतला, पाणी प्यायलं, आणि मग ऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी कचेरीच्या रांजणाकडे वळलो. आतून आप्पांचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे रं." मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यांना सांगितलं नाही, पण त्या धुण्याची मला सवय झाली होती.

पुढे संस्थानं गेली, ओढा नुसता ओढा राहिला. माझी बदली बेळगावला झाली, टिळकवाडीत घर केलं, मोठमोठ्या कचेऱ्यांत मोठमोठी माणसं भेटली. आप्पा निवर्तले तेव्हा मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. ती रुखरुख आहे. चंद्री मात्र पुढचं वेतही कुरणवाडीच्या कोंडवाड्यातच व्याली. दिवस भरले की दावं तोडून तिकडेच. साहेबांच्या बागेच्या कुंपणाला तेव्हा काटेरी तार लागली होती.

पण हे सगळं नंतरचं. माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती एकच सकाळ. पद्माला बाळंतपणाला आणायला आप्पा आदल्या दिवशी निपाणीला मुक्कामाला गेलेले, कचेरी उघडायची वेळ झालेली. ओढ्याच्या बाजूने बैलगाडी आली. गाडीत पद्मा, तिची मुलगी आणि सोबत शेवंताक्का. आप्पा पुढे चालत. घराचा रस्ता डावीकडे जातो, पण त्यांनी गाडी कचेरीच्या दारात थांबवली. पद्माला हात देऊन उतरवलं. माहेरवाशीण आली की उंबऱ्यावर तिच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, ही आपली रीत. आप्पांच्या घरात ते करायला बाईमाणूस नव्हतं. त्यांनी छत्री मला धरायला दिली, रांजणातून तांब्या भरून घेतला आणि खाली बसून लेकीच्या पायांवर स्वतः पाणी घातलं. पायांवरची निपाणीची धूळ पायरीवरून ओघळली. पद्मा रडायला लागली.

"अगं, रडतीस काय?" आप्पा म्हणाले.  मग माझ्याकडे वळले. "गोविंदा, नुसता बघत काय ऱ्हायलास? शेवंताक्काला भाकरीचा तुकडा दे. मानसं ताटकळल्यात."

माझ्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून मी शेवंताक्काच्या हातात दिला.